मिरवणुकीतली केस आणि फ्लोरिडाचं विमान

पत्र

ताई, नमस्कार.

मी कागल तालुक्यातला ऊसकरी शेतकरी. थोरल्या पोरानं बारामतीला राहून कमर्शिअल पायलटचा परवाना काढला. त्यासाठी कर्ज काढलंय, ते फेडणं चालूच आहे. परवाना मिळून दीड वर्ष झालं, नोकरी नाही. मल्टि-इंजिन रेटिंग, म्हणजे दोन इंजिनांचं विमान चालवायची मान्यता, राहिलंय आणि इथं त्या विमानाला नंबर लागता लागत नाही. कोल्हापुरातला एक एजंट म्हणतोय, फ्लोरिडाला पाठवा, मल्टि-इंजिन, एटीपी आणि एअरबसचं टाइप रेटिंग (त्या एका जातीचं विमान चालवायची मान्यता) असं एकदमच करून आणतो. कोर्सची फी वेगळी आणि वर दीड लाख 'टीएसए क्लिअरन्स'चे, कारण अमेरिकेत परदेशी माणसाला विमान शिकायला सुरक्षेची परवानगी लागते आणि 'तिथं आपली ओळख आहे' म्हणे. स्टुडंट व्हिसाला वेळ लागतो म्हणून टुरिस्ट व्हिसावर जा म्हणतोय. पन्नास हजार ॲडव्हान्स दिलेत, साध्या चिठ्ठीवर.

आणखी एक. पोरगं कॉलेजात असताना गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीवरनं मंडळाच्या पोरांवर केस झाली, त्यात याचंही नाव आलं. पुढं काय झालं आम्हाला माहीत नाही. एजंट म्हणतोय, त्याचं कुठं बोलायचं नाही, अमेरिकेला कागलची केस कशी कळणार? पासपोर्टवर नावाचाही थोडा घोळ आहे. चार एकरांतला एक एकर काढायचा विचार चाललाय. काय करावं?

— एक बाप

उत्तर

दादा, नमस्कार.

आधी एकराचं बोलते. सातबाऱ्याला हात लावू नका. निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत आणि तुमच्या मुलानं मी खाली सांगितलेली दोन-तीन कामं करेपर्यंत तरी नाहीच.

एजंटाचं एक वाक्य खरं आहे. अमेरिकेत परदेशी नागरिकाला विमान शिकायचं तर सुरक्षा तपासणी होते आणि ती ट्रान्स्पोर्टेशन सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे टीएसए करते. विमानतळावर जुलै २०२५ पर्यंत सर्रास बूट काढायला लावायची तीच ही संस्था. पण या एका खऱ्या वाक्याच्या आधारानं त्यानं तुम्हाला तीन खोट्या गोष्टी विकायला काढल्यात. ओळखीनं क्लिअरन्स मिळतो ही पहिली. टुरिस्ट व्हिसावर भागतं ही दुसरी. आणि दोनशे-सव्वादोनशे तासांच्या पोराला एटीपी मिळतं ही तिसरी.

तिसरीचा निकाल लगेच लागतो. एटीपी म्हणजे विमान कंपनीत कॅप्टन व्हायला लागणारा सर्वांत वरचा परवाना. अमेरिकेत त्यासाठी साधारणपणे वय २३ पूर्ण आणि उड्डाणाचे १,५०० तास लागतात. विद्यापीठातून किंवा लष्करातून आलेल्यांना तासांत थोडी सूट आहे, पण ती तुमच्या मुलाला लागू नाही. आपल्या डीजीसीएलाही, म्हणजे वैमानिकांना परवाने देणाऱ्या सरकारी खात्याला, एटीपीएल या तशाच परवान्यासाठी १,५०० तासच लागतात. भारतात सीपीएल, म्हणजे तुमच्या मुलानं काढलेला कमर्शिअल परवाना, २०० तासांवर मिळतो. म्हणजे मुलाच्या लॉगबुकात अजून हजाराहून जास्त तासांचा खड्डा आहे आणि तो काही महिन्यांच्या कोर्सनं भरत नाही. मुलाला हे माहीत असणारच. त्यानं तुम्हाला का सांगितलं नाही, हे त्याला शांतपणे विचारा. ओरडू नका. दीड वर्ष घरी बसलेलं पोरगं कुणीही आशा दाखवली की गप्प राहतं.

आता ही तपासणी आली कुठून ते थोडं सविस्तर सांगते. ते कळलं की एजंटाचं 'सेटिंग' का चालत नाही हे आपोआप कळेल.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातली विमानं चालवणारे अमेरिकेतल्याच फ्लाइंग स्कूलमधून शिकले होते. त्यातले दोघं फ्लोरिडात व्हेनिस नावाच्या छोट्या गावी एकाच शाळेत शिकत होते. हल्ल्याच्या जेमतेम महिनाभर आधी मिनेसोटातल्या एका सिम्युलेटर केंद्रात एक माणूस जंबो जेट शिकायला आला होता. हाताशी धड परवाना नाही, आणि शिकायचं थेट जंबो. तिथल्या लोकांना संशय आला, त्यांनी कळवलं आणि १६ ऑगस्टला त्या माणसाला अटक झाली. पण त्याचा धागा वेळेत शेवटपर्यंत ओढला गेला नाही. त्याहून कहर पुढच्या वर्षी झाला. मार्च २००२ मध्ये, हल्ल्याला सहा महिने झाल्यावर, व्हेनिसच्या त्या शाळेत टपालानं पत्रं आली की तुमच्या या दोन विद्यार्थ्यांचा स्टुडंट व्हिसा मंजूर आहे. दोघंही विमानांसकट जळून गेले होते आणि त्यांची नावं जगभरच्या पेपरात छापून आली होती. सरकारी टपाल मात्र आपल्या गतीनं चाललं होतं.

तो हल्ला आणि त्या पत्रांनी अमेरिकेची झालेली नाचक्की, यांतून आजची कडक व्यवस्था उभी राहिली. नोव्हेंबर २००१ च्या कायद्यानं आधी फक्त १२,५०० पौंडांच्या, म्हणजे साधारण ५,६७० किलोच्या वरच्या विमानांच्या प्रशिक्षणावर तपासणी लावली. २००३ च्या कायद्यानं ते काम टीएसएकडे गेलं आणि २००४ पासून छोट्या विमानांचं शिक्षणही त्याखाली आलं. विद्यार्थी व्हिसावर आलेला माणूस खरोखर वर्गात बसतो का, हे शाळेनं कळवायची सेविस नावाची संगणक व्यवस्थाही त्याच काळातली. टीएसएचे नियम अलीकडे पुन्हा नव्यानं लिहिले गेले आणि ३० जुलै २०२४ पासून लागू झाले. आता या योजनेला फ्लाइट ट्रेनिंग सिक्युरिटी प्रोग्रॅम म्हणतात.

तुमच्या मुलाला त्यातलं काय लागतं? पहिला वैमानिक परवाना, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, मल्टि-इंजिन रेटिंग आणि टाइप रेटिंग या प्रशिक्षणांना टीएसएची मंजुरी आधी लागते. म्हणजे मल्टि-इंजिनला लागणारच. मंजुरी येईपर्यंत शाळा त्याला ते शिकवू शकत नाही, आणि शिकवलं तर कारवाई शाळेवर होते. म्हणून चांगल्या शाळा या बाबतीत अजिबात ऐकत नाहीत.

अर्ज विद्यार्थी स्वतः टीएसएच्या पोर्टलवर करतो. त्यात पूर्ण नाव, याआधी वापरलेली किंवा लोकांनी वापरलेली सगळी नावं, सध्याचा आणि जुना पासपोर्ट, व्हिसा आणि मागच्या ५ वर्षांतले राहते पत्ते द्यावे लागतात. शाळा त्याच पोर्टलवर 'हो, हा आमच्याकडे अमुक शिकायला येतोय' असं कळवते. मग ऑनलाइन फी आणि बोटांचे ठसे. प्रशिक्षणाच्या दिवशी शाळा पासपोर्ट बघून माणूस तोच आहे ना याची खात्री करते आणि त्याचा फोटो काढून टीएसएला पाठवते. पूर्वी दर कोर्सला नव्यानं अर्ज आणि दर वेळी १३० डॉलर असा प्रकार होता. नव्या नियमात एक मंजुरी जास्तीत जास्त ५ वर्षं चालते आणि पुढच्या प्रत्येक कोर्सची फक्त नोंद करावी लागते. या फीच्या आकड्याशेजारी एजंटाचे दीड लाख ठेवून बघा. या सगळ्या वाटेवर कुठं ओळख लागेल अशी जागाच नाही. अर्ज मुलाचा, पुष्टी शाळेची आणि निर्णय टीएसएचा. एजंट फार तर फॉर्म भरतो, आणि तोही तुमच्या मुलाला भरता येतो. परवान्यासाठी डीजीसीएचं पोर्टल ज्यानं वापरलंय त्याला हे अवघड नाही.

हे फक्त आपल्या पोरांना लावतात अशी तुमची समजूत असेल तर तसं नाही. अमेरिकेत वीस वर्षं राहिलेला, घरदार केलेला ग्रीन कार्डवाला असला तरी त्यालाही हेच. सूट मुख्यतः तिथल्या नागरिकाला, आणि त्यालाही नागरिकत्वाचा कागद दाखवावा लागतो. ऑस्ट्रेलियातही परवाना वापरण्याआधी पार्श्वभूमी तपासणी असते. आपल्याकडे उड्डाण शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांनाही गृहमंत्रालयाची सुरक्षा मंजुरी लागते. तेव्हा यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

नावाचा घोळ 'थोडा' आहे असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला मी काय सांगावं? सातबाऱ्यावर बाळू, आधारवर बाळासाहेब आणि सोसायटीच्या कर्जखात्यात बाळकृष्ण असला की तलाठ्याकडे किती खेटे पडतात ते तुम्ही भोगलं असेल. इथंही तसंच होतं, फक्त तलाठी सात समुद्रापलीकडे बसलाय.

आपल्या भागातल्या मुलांच्या कागदांत तीन ठिकाणी हमखास गडबड असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं. पासपोर्ट काढताना कुणीतरी सगळं नाव, बापाच्या नावासकट, पहिल्या रकान्यात कोंबलेलं असतं आणि आडनावाचा रकाना कोरा राहिलेला असतो. आणि पोलिसांच्या कागदावर 'उर्फ' असतोच. पासपोर्टवर आडनाव कोरं असलं की अमेरिकेच्या व्हिसावर आख्खं नाव आडनावाच्या जागी सरकतं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' अशी अक्षरं छापली जातात, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. मग शाळेच्या कागदावर एक नाव, व्हिसावर दुसरं आणि डीजीसीएच्या परवान्यावर तिसरं. अर्ज नाकारला जातो असं नाही, पण तो अडकतो, आणि तिकडं पोरगं भाड्याच्या खोलीत डॉलरनं दिवस मोजत बसतं.

म्हणून पासपोर्ट आधी सरळ करून घ्या. आपलं काम पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतं. नाव दुरुस्त करून नवीन पुस्तिका घ्यायची आणि मग बाकी सगळे अर्ज त्या नावानं करायचे. पासपोर्टची मुदत किती उरलीय तेही बघा. टीएसएची मंजुरी कागदावर ५ वर्षांची असली तरी त्याआधी तिथं राहायची परवानगी संपली, तर ती मंजुरीही तिथंच थांबते.

आणि पासपोर्टला हात घातला की ती डॉल्बीची केस समोर येणार. टाळता येणार नाही. भारतातल्या फौजदारी कोर्टात खटला चालू असेल तर पासपोर्ट नव्यानं काढायला त्या कोर्टाची परवानगी लागते. म्हणजे एजंट जी केस लपवायला सांगतोय ती अमेरिकेच्या दारात जाण्याआधी पुण्याच्या टेबलावरच उघडी पडेल. हा माणूस इतकी वर्षं पोरं बाहेर पाठवतोय आणि त्याला एवढंही माहीत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

आता ती केस. 'पुढं काय झालं माहीत नाही' हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. दादा, सगळ्या पत्रात काळजी करण्यासारखं वाक्य हे एकच आहे. मिरवणुकीतल्या केसेस अशाच असतात. पोलिसांचा आदेश मोडला म्हणून आणि आवाजाची मर्यादा ओलांडली म्हणून मंडळाच्या पंधरा-वीस पोरांची नावं एकाच कागदावर येतात. कुणीतरी मोठा माणूस ठाण्यात जातो, पोरं रात्री घरी येतात, आणि दुसऱ्या वर्षी नवीन मंडप उभा राहतो. कागद मात्र तसाच पुढं सरकत राहतो. दोषारोपपत्र जातं, समन्स जुन्या पत्त्यावर निघतं, पोरगं तोवर बारामतीला. हजर राहिलं नाही म्हणून वॉरंट निघालेलं असू शकतं. दंड भरून मिटलेलीही असू शकते. सरकारनं मागं घेतलेल्या खटल्यांतही असू शकते. तुम्हाला यातलं नक्की काय झालंय ते माहीत हवं.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावानं किंवा पोलीस ठाणं आणि गुन्हा क्रमांक घालून शोधता येतं. तिथं न सापडल्यास पोलीस ठाण्यात जाऊन गुन्हा क्रमांक मागा. सोबत वकील असू द्या, मंडळाचा अध्यक्ष नको. एफआयआर, दोषारोपपत्र आणि निकाल लागला असेल तर निकाल, अशा तिन्हींच्या प्रमाणित प्रती काढा. त्यात एक गोष्ट बारकाईनं वाचा: मुलाला अटक दाखवलीय का? आपल्याकडं 'टेबल जामिनावर सोडलं' म्हणजे काही झालंच नाही असं धरतात. पोरगं कोठडीत गेलं नाही, चहा पिऊन परत आलं, पण कागदावर अटक करून जामिनावर सोडल्याची नोंद असते. नुसती नोटीस देऊन सोडलं असेल तर ती अटक नव्हे. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात प्रश्न असा असतो की तुम्हाला कधी अटक झाली आहे का किंवा शिक्षा झाली आहे का. शिक्षा झाली नाही म्हणून 'नाही' लिहायचं आणि कागदावर अटक निघायची, असं झालं तर ते खोटं ठरतं.

खोट्याची किंमत मोठी आहे. व्हिसासाठी महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा खोटी सांगितली असं ठरलं, तर त्या माणसाला अमेरिकेत येण्यास कायमची मनाई होऊ शकते. डॉल्बीची केस मोकळेपणानं सांगितली तर व्हिसा अधिकारी दोन प्रश्न विचारेल, कागद बघेल आणि बहुधा पुढं जाईल, कारण अशा केसमध्ये सुरक्षेला धोका वाटावा असं काही नसतं. टीएसए ठशांवरून गुन्ह्यांची नोंद तपासते आणि तिची खरी नजर गंभीर गुन्ह्यांवर असते. अमेरिकेला कागलची केस कळेल की नाही यावर मी पैज लावणार नाही. तुम्हीही लावू नका, कारण गमवायला जमीनही आहे आणि पोराचं नावही.

केस चालू असेल आणि त्यात दम नसेल, तर ती रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायसंकुलात बसतं. त्या बेंचसाठी वकिलांनी आणि आपल्या लोकांनी किती वर्षं आंदोलनं केली! निदान त्याचा उपयोग तरी करून घ्या. नुसता दंड भरून मिटण्यासारखी असेल तर आधी वकिलाला विचारा, कारण दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, आणि मग अर्जात शिक्षेच्या रकान्यात ते लिहावं लागतं.

केस मिटवायचं कारण फक्त अमेरिका नाही. मुलाला उद्या इथंच इंडिगोत किंवा एअर इंडियात नोकरी लागली, तरी विमानतळावर पाऊल ठेवायला ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटीचा प्रवेश पास लागतो आणि त्याआधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. म्हणजे हा कागद उजळाईवाडीच्या विमानतळावरसुद्धा आडवा येणार. तो आधी इथं निस्तरा.

व्हिसाबद्दल थोडक्यात. परवाना किंवा रेटिंग मिळवण्यासाठीचा पूर्णवेळ कोर्स टुरिस्ट व्हिसावर करता येत नाही. त्यासाठी एम-१ हा व्यावसायिक शिक्षणाचा व्हिसा लागतो. शाळा सरकारमान्य असेल तर ती आय-२० नावाचं प्रवेशपत्र देते, मग सेविसची ३५० डॉलर फी आणि व्हिसाची १८५ डॉलर फी भरून मुंबईला बीकेसीतल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत होते. कोर्स सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपेक्षा लवकर देशात जाता येत नाही. मुक्काम एका वेळी जास्तीत जास्त वर्षाचा, शिकत असताना नोकरी करता येत नाही, आणि पहिल्या सहा महिन्यांनंतर सहसा शाळाही बदलता येत नाही. म्हणून शाळा निवडताना घाई नको. एजंटाकडून आय-२० मागा. 'आय-२० नंतर बघू' असं म्हणाला तर उठून या.

मुलाला एक सांगा. अर्जात मागच्या ५ वर्षांत वापरलेली सोशल मीडियाची सगळी खाती लिहावी लागतात आणि जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसावाल्यांना ती सर्वांसाठी खुली ठेवायला सांगतात. मिरवणुकीतल्या रील्सचं फारसं काही नाही. पण मित्राच्या वाढदिवसाला तलवारीनं केक कापतानाचा फोटो कुठं पडून असेल, तर तो काय सांगतो याचा विचार त्यानं आत्ताच करावा. आपल्याकडं या तलवारींचं पेव का फुटलंय हा वेगळाच विषय आहे.

आणि बोटं. गुऱ्हाळावर किंवा शेतात राबणाऱ्या हातांचे ठसे कधीकधी नीट उमटत नाहीत. मग पुन्हा द्यावे लागतात आणि दिवस जातात. घरी बसलाय म्हणून पोरगं ऊसतोडीला मदत करत असेल तर ठसे द्यायच्या आधी दोन-तीन आठवडे हातांना जपायला सांगा.

आता जायचंच का, ते. टाइप रेटिंगसाठी अमेरिकेला जायची मला तरी गरज दिसत नाही. एअरबस ए-३२० चे सिम्युलेटर गुरुग्राममध्ये आहेत, बंगळूरमध्ये आहेत. इथं केलं तर टीएसए नाही, व्हिसा नाही. बाहेर केलंच तर त्या संस्थेला आणि सिम्युलेटरला डीजीसीएची मान्यता आहे का ते आधी बघावं लागतं, नाहीतर परत येऊन ते परवान्यावर चढत नाही. शिवाय हातात नोकरीचं पत्र नसताना स्वतःच्या खर्चानं टाइप रेटिंग करून बसणं मला पटत नाही. कंपनी दुसऱ्या विमानावर घेते आणि खर्च केलेलं वाया जातं.

मल्टि-इंजिनसाठी अमेरिकेचा विचार करण्यात अर्थ आहे. इथं दोन इंजिनांची विमानं कमी आणि रांग मोठी हे खरंच आहे. पण दोन गोष्टी मुलानं तपासाव्यात. भारतीय सीपीएल तिथं जसाच्या तसा चालत नाही. त्याच्या आधारे तिथली एफएए, म्हणजे त्यांची डीजीसीए, फक्त खासगी वैमानिकाचा परवाना देते, आणि त्याआधी डीजीसीएकडून आपल्या परवान्याची खातरजमा करून घेते. ते पत्र ६ महिनेच चालतं, म्हणून मागवायची वेळ नीट साधावी लागते. आणि परत आल्यावर ते रेटिंग आपल्या परवान्यावर चढवताना डीजीसीए उलट अमेरिकेकडून खातरजमा करते. त्याला डीजीसीएकडून लेखी विचारू दे की माझ्या परवान्यावर हे रेटिंग चढवायला नेमकं काय काय लागेल. उत्तर यायच्या आत एक रुपयाही पुढं द्यायचा नाही. इथल्या दोन-तीन संस्थांकडून, बारामती, गोंदिया धरून, मल्टि-इंजिनला किती महिन्यांची रांग आहे तेही लेखी मागा. चार-सहा महिन्यांवर नंबर लागत असेल, तर तेवढ्यात केस मिटवा, पासपोर्ट सरळ करा. माझं मत विचाराल तर हेच आधी.

राहिले तुमचे पन्नास हजार. एजंटाला स्पीड पोस्टानं पत्र पाठवा: कोणत्या शाळेचा आय-२०, टीएसएच्या दीड लाखात नेमकं काय, आणि पैसे कशाचे घेतले त्याची पावती. चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा, मोबाइलवरच्या पैशाच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपचं बोलणं पुसू नका. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडं तक्रार करता येते. 'केस लपवा' असं त्यानं व्हॉट्सॲपवर लिहिलं असेल, तर ते वाचताच तो पैसे परत करेल असा माझा अंदाज आहे.

आणि त्यानं मुलाच्या नावानं कुठल्याही पोर्टलवर आधीच खातं उघडलं असेल, स्वतःचा ई-मेल घालून, तर ते आजच मुलाच्या ई-मेलवर बदलून घ्या. टीएसएची, शाळेची आणि दूतावासाची सगळी पत्रं त्याच ई-मेलवर येतात. त्या अर्जात काय लिहिलंय ते मुलानं स्वतः उघडून एकदा वाचायला हवं, विशेषतः अटकेचा रकाना.